चारही चाकं जोडून

ता. ३, सोमवार

चढली नाही! सासूबाईंच्या पायथ्याशी गाडी उभी केली, बटण दोनवरून चारवर फिरवलं — आणि काही नाही. एरवी खालून ‘खट्ट’ असा आवाज येतो, हिरवा दिवा लागतो, पुढच्या चाकांनाही जोर मिळतो आणि मी वर. आज आवाज नाही. दिवा नुसता लुकलुक, लुकलुक. मेला डोळे मिचकावत होता माझ्याकडे बघून.

सासूबाई म्हणजे डोंगरावरच्या शाळेच्या आधीचा शेवटचा चढ; दर सोमवारी आणि गुरुवारी शाळेचा माल घेऊन मला तो चढायचा असतो. नाव आम्ही गाडीवाल्यांनीच ठेवलंय. सुटी खडी, माती, मध्येच उघडा कातळ. तिथे दोन हात जोडून भागत नाही, चारही चाकं जोडावी लागतात. माझ्या खऱ्या सासूबाईंना मी कधी भ्याले नाही, पण हिला भिते.

तरी दोन चाकांवर रेटली. अर्ध्यात मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, गाडी तिरकी झाली, मागचं फळकं उघडलं आणि बटाट्याचं पोतं फुटलं. बटाटे माझ्या आधी खाली पोचले. कंबर मोडेस्तोवर वेचत बसले.

तेवढ्यात वरून स्वयंपाकीण मावशींचा फोन. शाळेतल्या सगळ्या पोरांना त्यांनाच जेवू घालायचं असतं, त्यामुळे त्यांना गाडीचं काही सांगण्यात अर्थ नसतो. किती चाकं फिरतात ते मला सांगू नकोस, पीठ कधी येतंय ते सांग, म्हणाल्या. शेवटी शाळेचा माळी आणि शिपाई खाली उतरले आणि पोती खांद्यावरून घेऊन गेले. माळी असा बघत होता की जणू मीही पोत्यावर बसलेय.

दुपारी जेवायच्या वेळेला घरी. एरवी दिवेलागणीपर्यंत माझं तोंड दिसत नाही. हे दारातच उभे. लवकर आलीस, म्हणाले. मी म्हटलं, आले नाही, परत पाठवली गेले. ताटावर बसून तावातावाने सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले आणि दोन घास जास्त जेवले.

ता. ४, मंगळवार

दुपारी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने सीटवर बसून बटण फिरवलं. खट्ट! हिरवा दिवा लख्ख. माझ्याकडे असं बघितलं की जणू मला बटण फिरवता येत नाही.

मी फिरवलं. खट्ट. पुन्हा फिरवलं. खट्ट. डॉक्टरच्या दारात गेलं की पोट दुखायचं थांबतं, तसली गत.

मिस्त्रीने तरी आपलं ज्ञान पाजळलंच. फ्यूज ढिला असणार म्हणाला. फ्यूज बघितला तर घट्ट होता. मग म्हणाला, जास्तच घट्ट आहे. बदलून टाकला. हा माणूस चुकतो तेव्हाही इतक्या आत्मविश्वासाने चुकतो की आपण मान डोलावतो.

ता. ५, बुधवार

ह्यांच्याबद्दल चार ओळी लिहायलाच हव्यात, बऱ्याच दिवसांत काही चांगलं लिहिलं नाही.

हे निवृत्त झाले आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. बसले ते बसलेच. जन्मभर ऑफिसात आवक-जावक सांभाळली, आता ना आवक ना जावक. सकाळी मी निघताना खुर्चीत, संध्याकाळी आले तरी खुर्चीत. काय केलंत दिवसभर, विचारलं तर “काही नाही.” जेवलात का? “हो.” चांगलं झालं होतं का? “हो.” लेक फोनवर म्हणायची, आई, बाबांना काहीतरी छंद लाव. छंद काय टीप मारून लावायचा असतो? पेटी आणून दिली, कोडी आणून दिली, कुंड्या आणल्या. कुंड्यांकडे हे बघत बसायचे आणि कुंड्या ह्यांच्याकडे.

आणि मग गेल्या महिन्यात ह्यांचं ह्यांनीच जाऊन तो पाण्याचा पंप आणला. जोराची धार मारणारा. आधी जिना धुतला, मग भिंत, मग शेजारणीचं फाटक — तिच्या फाटकाचा रंग निळा आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. मग माझी गाडी. आता रोज पहाटे उठतात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात, परवापासून तर पोत्यावर उताणे पडून गाडीचं पोटसुद्धा धुतात. आणि बोलतात! ऑफिसातलं बोलतात, पण बोलतात. “सदर चिखल निकाली काढला.” “डाव्या चाकाचं प्रकरण प्रलंबित आहे.” आज तर गुणगुणत होते. सूर कुठलाच लागत नव्हता. मी आत चहा गाळता गाळता चक्क रडले. माझा माणूस परत आला.

ता. ६, गुरुवार

नवा फ्यूज, धुतलेली गाडी, वर तांदूळ-डाळींची पोती, गॅसच्या टाक्या. ऐटीत गेले. सासूबाईंपुढे बटण फिरवलं — लुकलुक!

बंद करून चालू केली. पुढे-मागे केली. मिस्त्रीने शिकवलं होतं तसं न्यूट्रलमध्ये थांबून केलं. शिव्या घातल्या. गोंजारली. जगात जे जे करता येतं ते केलं. दिवा आपला लुकलुकतोय.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे मागून गॉगल आला. गॉगल म्हणजे तो नव्या कोऱ्या ट्रकवाला, सावलीतसुद्धा काळा चष्मा घालणारा. गेले वर्षभर शाळेच्या कामावर डोळा ठेवून आहे. काच खाली केली आणि म्हणाला, ताई, गाडी काय चमकतेय हो, आरसाच! मग म्हणाला, दोर टाकू का?

नको म्हटलं. ठणकावून म्हटलं. मग मावशींचा फोन आला. मग हो म्हटलं. माझा सगळा माल त्याच्या ट्रकात घालून तो वर गेला आणि मी दगडावर बसून राहिले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! वर त्याने शाळेच्या व्यवस्थापकांना रंगवून सांगितलं असणार.

पुन्हा दुपारी घरी. ह्यांनी मला बघितलं, काही न विचारता दुसरं ताट मांडलं. नंतर वाकून गाडीखाली बराच वेळ बघत होते. काय बघताय विचारलं तर म्हणाले, काही नाही, माती. मग जेवताना मला ऑफिसातल्या मांजराची गोष्ट सांगितली. ऑफिसात मांजर होतं हे मला आज कळलं.

ता. ७, शुक्रवार

मिस्त्री म्हणतो टायरांची हवा. पुढच्यात जास्त, मागच्यात कमी, त्यामुळे चाकांचं आपापसांत पटत नाही. चारही चाकांची हवा सारखी केली. नंतर म्हणाला बॅटरी असेल. त्यानंतर म्हणाला, चाकं जोडणाऱ्या खालच्या पेटीतलं तेल असेल, त्याशिवाय दुसरं असूच शकत नाही. उंटावरचा शहाणा! जे जे असूच शकत नाही ते सगळं बदलून झालं. गाडी काल संध्याकाळपासून त्याच्याकडेच आहे.

हे सकाळी पंप घेऊन खाली गेले तर गाडीच नाही. जिना धुतला पुन्हा. गुणगुणणं नव्हतं.

ता. ८, शनिवार

चढली!! मिस्त्रीला शेजारी बसवून रिकामी नेली. बटण, खट्ट, लख्ख हिरवा दिवा. सासूबाई एका दमात पार. वर जाऊन मुद्दाम हॉर्न वाजवला. मावशी बाहेर आल्या, रिकामी गाडी बघून आत गेल्या.

मिस्त्री म्हणतो, तेलच होतं, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. सांगत नव्हता. असू दे.

ता. ९, रविवार

गाडी घरी. हे खूश. मिस्त्रीच्या हाताचे डाग सगळीकडे आहेत म्हणून दुप्पट धुलाई. पोटाला तर इतकी धार मारली की गल्लीतून ओढा वाहत गेला. “सर्व प्रकरणं निकाली,” म्हणाले.

ता. १०, सोमवार

लुकलुक.

आज शिव्यासुद्धा सुचल्या नाहीत. चढाखाली बसून राहिले. माळी आणि शिपाई आता न बोलावता येतात.

ता. ११, मंगळवार

मिस्त्रीकडे दुपारी नेली. खट्ट. दिवा लख्ख. मिस्त्री म्हणाला, ताई, रागावू नका, पण गाडी तुमच्यावर नाराज आहे. मी पाना उचलला. तो टायरमागे गेला.

व्यवस्थापकांचा फोन आला. फार गोड माणूस, गोड माणसाचीच भीती वाटते. म्हणाले, तुमचं काम उत्तम, लेक तुमची शाळेत जायची तेव्हापासून तुम्ही आमचा माल वर आणता, कधी तक्रार नाही. पण पोरांचं जेवण चुकतं. पुढच्या वर्षाचं काम सोमवारी ठरवायचंय. सतराला पूर्ण माल घेऊन तुम्ही वर आलात तर काम तुमचं, नाही आलात तर गॉगलचं.

फोन ठेवला. हा चढ गेला तर मी काय करायचं? गावातल्या गावात सोफे-कपाटं हलवायची? तेही गॉगलसारखे दहा करतात. मग एक दिवस तेही बंद. आणि मग गॅलरीत दुसरी खुर्ची. मला त्या खुर्चीची भीती वाटते, लिहूनच टाकते. मी ह्यांना त्यात बसलेलं बघितलंय.

ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. आत्ता कुठे सावरताहेत, त्यांच्या डोक्याला कशाला घोर. लेकीला तेवढं सांगितलं.

ता. १३, गुरुवार

सापडलं. सापडलं, आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

आज हुशारी केली. गल्लीच्या तोंडाशीच बटण फिरवून बघितलं. लुकलुक! म्हटलं, चढापर्यंत जायचंच कशाला. माल गॉगलला दिला — दातओठ खाऊन दिला — आणि गाडी तशीच सकाळी सकाळी मिस्त्रीच्या दारात. त्याने अजून तोंड धुतलं नव्हतं. ते तिथेच धुतलं गेलं. म्हणजे असं — तो गाडीखाली उताणा शिरला, चाकं जोडणाऱ्या त्या छोट्या मोटरची वायर जिथे खोचलेली असते ती टोपी ओढली, आणि आतलं सगळं पाणी ह्याच्या तोंडावर! खोकत बाहेर आला. ताई, गाडी तळ्यात घातली होती का?

मी म्हटलं, छे, तळं कुठलं. आणि म्हणता म्हणता पहाटेचा पंप आठवला.

दुपारपर्यंत उन्हात सुकते, म्हणून मिस्त्रीकडे चालते. रात्री त्याच्याकडे राहिली, धुतली गेली नाही, म्हणून शनिवारी चढली. पहाटे धार मारली की टोपीत पाणी शिरतं आणि सकाळी चढापाशी दिवा लुकलुकतो. सगळं एका ओळीत लागलं. मिस्त्री तोंड पुसत म्हणाला, कोण धुतं हो इतकी?

आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाचं नाव घेऊ?

त्याला शपथ घातली, ह्यांच्यापुढे अवाक्षर काढायचं नाही. तो म्हणाला, त्यात काय, साहेबांना सांगा खालून पाणी मारू नका, संपला विषय. मिस्त्रीचं लग्न झालेलं नाही.

लेकीला फोन केला. ती आधी पोट धरधरून हसली. मग म्हणाली, “आई, नको सांगूस. मागच्या आठवड्यात बाबांनी स्वतःहून फोन केला होता मला. स्वतःहून. गाडीच्या चाकांबद्दल बोलत होते.”

नाही सांगणार. पण सोमवारचं काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ता. १४, शुक्रवार

सकाळी पंपाचं तोंड पिठाच्या डब्यात लपवलं. ह्यांनी अर्धा तास शोधलं, मग म्हणाले काही हरकत नाही, आणि बादली-फडकं घेऊन गाडीखाली शिरले. तांब्याने पाणी मारत होते, नेम धरून.

मी म्हटलं, पाण्याची टंचाई आहे म्हणतात. म्हणाले, कपडे धुतलेलं पाणी वापरतो. घ्या! आता साबणाचं.

मी म्हटलं, अहो, रोज धुतल्याने रंग उडतो. त्यावर विचार केला. खरा आवक-जावकवाला विचार, दोन्ही बाजू तपासून. मग म्हणाले, बरोबर आहे तुझं, वरून नको धुवायला. फक्त पोट धुतो. तिथे रंग नाही.

मी आत जाऊन उशीत तोंड खुपसलं. हसत होते का रडत होते, मलाच कळलं नाही.

दुपारी मिस्त्रीकडे. त्याने टोपी सुकवली, आत ग्रीस भरलं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळली, दातांनी गाठ मारली. आता समुद्रात घाला, म्हणाला. घरी आणली तर संध्याकाळी ह्यांचं लक्ष गेलंच. हे काळं काय बांधलंय? मी म्हटलं, मिस्त्रीची नवी पद्धत आहे, मोटरला वारं लागू नये म्हणून. हे म्हणाले, “हो का.” बिचारे! लगेच विश्वास ठेवतात.

आयुष्यात ह्यांच्याशी इतकं खोटं बोलले नव्हते. वाईट वाटलं. पण घरासाठीच ना.

ता. १५, शनिवार

लुकलुक!!!

ट्यूबची पट्टी सुटून लोंबत होती. मिस्त्री म्हणतो अशक्य, मी दातांनी बांधली होती. म्हणजे पुन्हा असूच शकत नाही. नुसता संताप. म्हटलं, तुझे दातच ढिले असतील. त्याला ते फार लागलं. मग दोन पट्ट्या बांधल्या, वरून तार आवळली, पकडीने पीळ दिला. आता खड्ड्यांनी काय, भूकंपानेही सुटणार नाही म्हणतो.

आज जेवताना हे म्हणाले, तू घरी असलीस की भाजीला चव येते. तीच भाजी, मीच रोज सकाळी करून ठेवते ती. मी माझ्याच विचारात होते, नुसतं हूं म्हटलं.

ता. १६, रविवार

माल भरला. पीठ, तांदूळ, डाळी, कांदे-बटाटे, तेलाचे डबे, टाक्या, आणि व्यवस्थापकांनी ऐनवेळी वाढवलेल्या गाद्या. मुद्दाम वाढवल्या असतील. वाढवा. गाडी मागून बसलीय.

लेकीचा फोन होता, बराच वेळ ह्यांच्याशी बोलत होती. नंतर हे गॅलरीत गेले. खुर्चीत बसले. कित्येक दिवसांत बसले नव्हते. हाक मारली तर “हो.” जेवायचं ना? “हो.” काय बोललीस बाबांशी म्हणून लेकीला विचारायला फोन लावला, तिने उचलला नाही.

उद्याची काळजी, वर ही काळजी. डोळ्याला डोळा लागू देत नाही.

ता. १७, सोमवार

चढली. आधी ते लिहिते, बाकीचं नंतर.

पहाटे जाग आली ती आवाज नाही म्हणून. पंपाचा आवाज नाही. खाली बघते तर गाडी कोरडी, कालची धूळ तशीच अंगावर. हे अंथरुणात, डोळे उघडे. म्हटलं बरं नाही का? म्हणाले, आज नको धुवायला. इतकंच. कूस बदलली.

मला आनंद व्हायला हवा होता ना? ज्याच्यासाठी आठवडाभर खोटं बोलले, पंप लपवले, मिस्त्रीला शपथा घातल्या, ते आपोआप झालं. पण पायऱ्या उतरताना दोनदा मागे वळून बघितलं. वाटलं, गेला पुन्हा माझा माणूस. मी काही न सांगताही ह्यांना कुठूनतरी कळलं, आणि ह्यांच्या हातातलं तेवढं एक कामही गेलं. गाडीत बसून रडले. मग नाक पुसलं, कारण रडत चढ चढता येत नाही, समोरचं दिसत नाही.

सासूबाईंच्या पायथ्याशी गॉगल आधीच येऊन उभा. बॉनेटवर बसून शेंगा खात होता. वर व्यवस्थापक कठड्याला टेकून, शेजारी मावशी कमरेवर हात ठेवून, माळी आणि शिपाई बाह्या सरसावून. अख्खी शाळाच बघायला आली होती. मी गाडी थांबवली. न्यूट्रल केलं. चारही चाकांची मनातल्या मनात माफी मागितली. बटण फिरवलं.

खट्ट.

असा गोड आवाज आयुष्यात ऐकला नाही. हिरवा दिवा लख्ख, न मिचकावता. पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि हळूहळू, घाई न करता, खडीवरून, मातीवरून, कातळावरून. अर्ध्यात जिथे नेहमी मागची चाकं फिरतात तिथे श्वास रोखला. पुढच्या चाकांनी ओढलं. वर पोचले तेव्हा पोरांनी असा गलका केला की मावशींना त्यांना ओरडावं लागलं. मावशींनी पिठाचं पोतं आधी मोजून घेतलं आणि मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूपच. व्यवस्थापक म्हणाले, वर्षभर तुमच्याच हाती. गॉगल खालून निघून गेला. जाताना हॉर्न वाजवला, चांगला वाजवला, खोटं कशाला बोलू.

सगळं मिळालं. आणि उतरताना एकच विचार — हे खुर्चीत असतील.

खुर्चीतच होते. चढली, म्हटलं. छान झालं, म्हणाले. मी जवळ जाऊन बसले, गाडी घाण झालीय हो, म्हटलं. मुद्दाम म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. उद्या बोलतो, म्हणाले.

ता. १८, मंगळवार

ह्यांना माहीत होतं! पहिल्या सोमवारी नव्हतं, पण त्या गुरुवारी गाडीखाली वाकून बघितलं तेव्हापासून माहीत होतं, पाणी कुठे शिरतंय ते. मिस्त्रीने बांधलेली पट्टीही ह्यांनीच सोडली होती. चहा पिताना सांगितलं, कपात बघत. वर्षाचं काम जाणार होतं हे मात्र लेकीने रविवारी सांगितलं तेव्हा कळलं.

“अहो, मग माहीत असून धुतलीत कशाला?”

“गाडी बंद पडली की तू जेवायला घरी यायचीस.”

भांडायला तोंड उघडलं होतं मी. त्याऐवजी ह्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

परवा गुरुवार. शेजारच्या सीटवरचा पसारा मागे टाकायचा, दोन डबे भरायचे.